ट्रंकेवरचं नाव

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरात माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं वरच्या ओळीत नंबर, त्याखाली हुद्दा आणि नाव, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, बडनेरा. मुंबई-नागपूरची मुख्य लाइन इथूनच जाते. त्यामुळे या भागातला जवान सुटीचं रेल्वे वॉरंट घेऊन निघाला की उतरायचा तो बडनेऱ्यालाच, गाव त्याचं पुढे कुठलंही असो. ही ट्रंक ज्यांची, ते आमचे मोठेबाबा असेच उतरायचे. ते गेल्यावर पुढची वीस वर्षं त्या ट्रंकेत गोधड्या ठेवल्या गेल्या. नंबर कोणाचा आणि कशाचा, हे घरातल्या लहान मुलांना कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तुमच्या घरीही अशी ट्रंक असेल, वर्दीतला एखादा फोटो असेल, किंवा "आमचे आजोबा मिलिटरीत होते" एवढं एक वाक्य असेल. त्या वाक्याच्या पुढे कसं जायचं, ते आम्ही ट्रंक उघडल्यावर शिकलो. तेच इथे सांगतो आहे.

पहिलं काम नंबर शोधण्याचं. सैन्यात माणसाची ओळख त्याच्या नंबरावर चालते. नावं सारखी असतात, स्पेलिंग बदलतं, नंबर मात्र बहुधा पेन्शनपर्यंत सोबत राहतो. तो ट्रंकेवर सापडेल, डिस्चार्ज बुकात सापडेल, पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर सापडेल, जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवर पाठवणाऱ्याच्या जागीसुद्धा सापडेल. आकड्यांच्या आधी 'जेसी' ही अक्षरं असतील तर माणूस नायब सुभेदार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर झाला होता. 'आयसी' असेल तर तो अधिकारी होता. डिस्चार्ज बुक हाती लागलं तर अर्धं काम झालं म्हणा. भरती कधी, सुटका कधी, मेडलं कोणती, वारस म्हणून कोणाचं नाव दिलं, हे सगळं त्यात असतं. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानांचाही, कारण शिक्के बरेचदा पाठीमागे असतात.

नंबरावर इतका जोर देतो आहे त्याचं कारण आपली नावं. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सांगतो. सैन्याच्या कागदात आडनाव पुढे येतं, मधलं काही गळतं, काहीचं एकच अक्षर उरतं. १८ सप्टेंबर २०१६ रोजी काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला. त्यात वीरमरण आलेल्यांच्या ज्या याद्या जाहीर झाल्या, त्यांत साताऱ्याच्या जाशी गावचे चंद्रकांत शंकर गलांडे 'जी. शंकर' असे आले. सिन्नर तालुक्यातल्या खडांगळीचे संदीप सोमनाथ ठोक 'टी. एस. सोमनाथ' झाले, आणि आपल्या विदर्भातले, वणी तालुक्यातल्या पुरडचे विकास जनार्दन कुळमेथे 'के. विकास जनार्दन'. पहिल्या दोन नोंदी वाचणाऱ्याला वाटावं, माणसाचंच नाव शंकर, सोमनाथ. ती नावं वडिलांची. उद्या गलांडेंच्या घरातला नातू एखाद्या यादीत 'चंद्रकांत' शोधेल आणि त्याला काही मिळणार नाही. म्हणून आजच एका कागदावर दोन्ही नावं समोरासमोर लिहून ठेवा: घरी ज्या नावानं हाक मारत ते, आणि कागदावर जसं लागलं आहे ते, त्यातल्या चुकीच्या स्पेलिंगसकट. गावचंही तसंच करा. जुन्या कागदांत अचलपूर हे एलिचपूर असतं, अमरावतीचं इंग्रजी स्पेलिंग 'अमराओटी' वाचावं असं असतं, आणि जिल्ह्याच्या पुढे 'बेरार' लागलेलं असतं.

आता मेडलं. घासूपुसून चकचकीत करण्याचा मोह होईल. करू नका. गोल मेडलच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर बहुधा बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दरवर्षी पॉलिश करणाऱ्या घरांत नेमकी तीच अक्षरं झिजतात. खिडकीजवळ बसा, मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरका धरा, मेडल हळूहळू फिरवा. अक्षरं सावलीनं उठून दिसतात. आम्ही असंच वाचत बसलो होतो. घरात सगळे सांगायचे, मोठेबाबा बांगलादेशच्या लढाईत होते. ताऱ्यावर नाव निघालं पश्चिमी स्टार. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला आणि पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे मोठेबाबा तेव्हा पाकिस्तानच्या दुसऱ्या सीमेवर होते. घरातली गोष्ट खोटी नव्हती. त्या वर्षी 'बांगलादेशची लढाई' हेच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, तेच चिकटलं. पण तीस वर्षं आम्ही त्यांना चुकीच्या दिशेला उभं करत होतो, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

बाकी मेडलंही अशीच बोलतात. रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार १९६५ च्या युद्धाची, संग्राम मेडल १९७१ चं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं एक मेडल १९७२ चं. ऑपरेशन विजय लिहिलेलं असेल तर कारगिल, १९९९. विदेश सेवा मेडलच्या फितीवरच्या पट्टीवर देशाचं नाव असतं. काँगो वाचून दचकू नका, १९६० ते १९६४ दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपले जवान तिथे होते. डिस्चार्ज बुकात लिहिलेलं मेडल घरात नसेल तर ते हरवलं असं लगेच धरू नका. ते मिळालंच नसेल, हेही शक्य आहे. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रानं विचारा.

पत्रं असतील तर पत्ता बघा. जवान कुठे आहे हे पत्त्यावरून कळू द्यायचं नाही, म्हणून गावाच्या जागी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) लिहिलेलं असतं. ढोबळ मानानं ५६ ची डाक दिल्लीहून जायची, म्हणजे उत्तर आणि पश्चिमेकडे. ९९ ची कोलकात्याहून, म्हणजे ईशान्येकडे. पत्रांच्या तारखा ओळीनं लावल्या की माणूस कधी कुठल्या बाजूला होता, याचा एक कच्चा नकाशा तयार होतो.

पलटणीच्या नावात वऱ्हाडातल्या घरांची एक खास अडचण होते. पणजोबांच्या कागदावर 'हैदराबाद रेजिमेंट' असेल तर लोक निजामाचं सैन्य समजून तिथेच थांबतात. हैदराबाद कंटिंजंट ही इंग्रजांच्या ताब्यातली फौज होती आणि तिची एक छावणी आपल्या एलिचपूरला होती. १९०३ मध्ये तिच्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले, त्यात एक ९६ वी बेरार इन्फंट्री. १९२२ मध्ये त्या १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊँ झालं. आजही कुमाऊँच्या दुसऱ्या बटालियनच्या नावापुढे कंसात बेरार लिहितात. म्हणजे आपल्या वऱ्हाडाचं नाव घेऊन जी पलटण चालते, तिचा माग रानीखेतला लागतो. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावलाच आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं तर आपल्या शेजारी, कामठीला. पत्र पाठवायचं ते माणसाच्या पलटणीचं रेकॉर्ड जिथे आहे तिथे, हे ध्यानात ठेवा.

पण पत्र लिहायला बसण्याआधी म्हातारी माणसं गाठा. कागद आणखी पाच वर्षं थांबेल, ती थांबणार नाहीत.

यात माझी चूक झाली होती ती सांगतो. मी मोठेबाबांच्या पत्नीसमोर, आमच्या मोठ्या आईसमोर, मोबाइल धरला आणि म्हटलं, लढाईचं सांग. ती म्हणाली, "थो लढाईचं काई सांगे नाई बापू," आणि गप्प झाली. मुलाखत संपली. आठवड्यानं मी ट्रंकच तिच्यासमोर आणून ठेवली आणि काही विचारलं नाही. तिनं कडीवरून हात फिरवला आणि बोलायला लागली. स्टेशनवरून टांगा कुठपर्यंत यायचा. ट्रंकेत वरच्या बाजूला तिच्यासाठी काय असायचं. सुटीचे पहिले चार दिवस मोठेबाबा खाटेवर झोपत नसत, खाली जमिनीवर झोपत. रात्री वाऱ्यानं दार वाजलं की उठून बसत. "काहून उठले म्हणलं तं म्हने, काई नाई, झोप तू." हे मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो.

तेव्हा प्रश्न लढाईचे विचारू नका, घराचे विचारा. मनीऑर्डर महिन्याच्या कितव्या तारखेला यायची आणि पोस्टमन कुठून हाक मारायचा? चिठ्ठी कोण वाचून दाखवायचं? उत्तर कोणाकडून लिहून घ्यायचे, आणि कोणत्या गोष्टी कळवायच्या नाहीत असं ठरलं होतं? जवान घरी नसताना कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं? पेरणीला कोण धावून आलं? वस्तू हातात द्या, फोटो हातात द्या, आणि थांबा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगून रेकॉर्डिंग करा, आणि ते दोन ठिकाणी ठेवा. बोली आहे तशी राहू द्या. 'त्याले', 'मले' सुधारून 'त्याला', 'मला' लिहिलंत तर माणूस दुसराच होतो. ज्या घरी जवान परत आला नाही, तिथे तो निरोप आला त्या दिवसाबद्दल आपण होऊन विचारू नका. बोलायचं असेल तर ती माउली स्वतः बोलेल, आणि तेव्हा मोबाइल खाली ठेवून ऐका.

आता पत्रव्यवहार. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचं, हे तिथे विचारा. अर्जात नंबर, हुद्दा, रेकॉर्डवरचं नाव, पलटण, भरतीचं आणि सुटकेचं वर्ष लिहा. तुमचं नातं दाखवणारा कागद आणि जवान हयात नसेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. एकच गोष्ट नीट विचारा. "आमच्या आजोबांची सगळी माहिती द्या" असं लिहिलं की उत्तर येत नाही. भरतीची तारीख, कोणत्या पलटणीत, कोणती मेडलं, एवढंच मागा. जुनी सेवापुस्तकं ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, पण 'लाँग रोल' नावाच्या नोंदवहीत नोंद राहते. म्हणून "कागदपत्रे नष्ट झाली आहेत" असं उत्तर आलं तरी दुसरं पत्र लाँग रोलमधल्या नोंदीसाठी पाठवा.

कागद वाचताना एक शब्द अडतो. आपण शहीद म्हणतो, सैन्याच्या कागदात तो शब्द नसतो. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी' असं लिहिलेलं असतं. दुसरा शब्द वाचून घरच्यांना वाटतं, आमच्या माणसाचं जाणं कमी धरलं. तो शब्द मृत्यू कशा परिस्थितीत आला एवढं सांगतो. सेवा त्यानं मोजली जात नाही, आणि घरानं तरी ती तशी मोजू नये.

स्वातंत्र्यानंतर ज्यांना वीरमरण आलं, त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटवर कोरली आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुलं झालं. त्यातल्या त्यागचक्रात पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत. दिल्लीला जाणं झालं तर नुसतं इंडिया गेट बघून परतू नका. नाव कोणत्या भिंतीवर आहे ते तिथल्या यंत्रावर शोधता येतं. रोज संध्याकाळी एका वीराचे आप्त तिथे पुष्पचक्र वाहतात. आपल्या घरातल्यांना तो मान मिळावा असं वाटत असेल तर सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. घरातला माणूस सीआरपीएफ किंवा राज्य पोलिसात असेल तर मात्र नाव इथे सापडणार नाही. त्यांचं राष्ट्रीय पोलीस स्मारक चाणक्यपुरीत आहे, २१ ऑक्टोबर २०१८ पासून. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात बुलडाणा जिल्ह्यानं चोरपांग्र्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत गमावले. ते दोघेही सीआरपीएफचे होते.

दोन महायुद्धांतल्या माणसांचा शोध वेगळा. त्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहे आणि तिच्यात घरबसल्या फुकट शोधता येतं. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात धरले आहेत. नावानं सापडलं नाही तर नंबरानं, पलटणीनं, मग जिल्ह्याच्या जुन्या स्पेलिंगनं शोधा. फ्रान्समध्ये पडलेल्या अनेक हिंदी शिपायांची नावं नव्ह शापेलला आहेत, मेसोपोटेमियातल्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकाकडे. पुण्याला खडकीच्या युद्धस्मशानभूमीत तर प्रत्यक्ष जाऊनही येता येतं. आणि तरीही नाव मिळालं नाही, तर चूक तुमच्या शोधात आहे असं समजू नका. याच कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच चौकशी करून कबूल केलं की पहिल्या युद्धातल्या, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडच्या, किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानं नोंदच झाली नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो, असंही त्यांनी म्हटलं. अशा माणसाचं नाव लिहिलेलं असेल तर ते फक्त तुमच्या घरात.

जपणुकीचं थोडक्यात. लॅमिनेशन कधीही करू नका. आमच्याकडे एका हितचिंतकानं डिस्चार्ज बुकाचं पहिलं पान लॅमिनेट करून आणलं. आता शाई आतल्या आत पिवळी पडते आहे आणि ते पान सुटत नाही. कागद सुती कापडात, सपाट, टाचण्या काढून ठेवा. वर्दी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा आणि पावसाळा संपल्यावर सावलीत वारा द्या. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा तापून निघतो, म्हणून ट्रंक खाली घरात आणा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट फोटो काढून घ्या. आणि पीपीओ किंवा नंबराचे फोटो व्हॉट्सअॅपच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. पेन्शन चालू असेल तर तो कागद पैशांचा आहे.

गावात स्मारक किंवा फलक होणार असेल तर मजकूर दगडावर जाण्याआधी घरच्या सगळ्यात वडील बाईकडून वाचून घ्या, आणि मगच कागदाशी ताडून बघा. कार्यक्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वीरमातेला उन्हात तीन तास खुर्चीवर बसवून, बारा भाषणं ऐकवून शेवटी शाल-श्रीफळ हातात देणं, याला मी आठवण म्हणत नाही. तिला सकाळी घरी जाऊन भेटा. त्या जवानाच्या वर्गमित्रांना बोलवा. शाळेत त्याच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं असेल तर तो त्याच शाळेत कोणत्या बाकावर बसायचा ते सांगा, मुलं त्या बाकाकडे बघतील. दिवस १५ ऑगस्टचाच हवा असं नाही. त्या दिवशी सगळेच येतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्याच्या पलटणीचा स्थापना दिवस असतो, त्याचा स्वतःचा वाढदिवस असतो. ज्यांचं कोणी परत आलं नाही अशा घरी वीरपत्नीला आधी विचारा. काहींना त्या तारखेला घरात शांतता हवी असते.

आणि गोष्ट वाढवू नका. स्वयंपाकी असतील तर स्वयंपाकी लिहा, ड्रायव्हर असतील तर ड्रायव्हर. बर्फात वेळेवर पोहोचलेल्या भाकरीवर पलटण उभी राहते. मोठेबाबांनी किती शत्रू मारले हे मला माहीत नाही, आणि ते आमच्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

हे सगळं झालं की एका पानाचा मजकूर तयार करा. दोन्ही नावं, नंबर, पलटण, भरती आणि सुटकेच्या तारखा, कुठे कुठे होते, मेडलं, माहिती कोणी दिली आणि कधी. एवढंच, साध्या अक्षरांत. एक प्रत ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाकिटात ठेवा, एक शाळेला, एक ग्रामपंचायतीला किंवा वाचनालयाला द्या. ट्रंकेवरची पांढरी अक्षरं पुसट झाली आहेत, पेंटर ती नव्यानं रंगवून द्यायला तयार होता. आम्ही नको म्हटलं. ती मोठेबाबांनी स्वतः काढलेली आहेत, 'ड' जरा वाकडा आलाय.

आमचं पान मी मोठ्या आईला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. बांगलादेशच्या जागी पश्चिमी सीमा ऐकून मान हलवली, म्हणाली, असंन. मग विचारलं, "माहं नाव नाई टाकलं?" मी म्हटलं, वारस म्हणून आहे ना, डिस्चार्ज बुकात. "थे नाई गा. पंधरा वर्सं घर कोनं राखलं, थे लिही." मी तिच्यासमोरच पेन काढलं. तिनं सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहिलं, आणि खाली तिचा अंगठा घेतला.